ओव्हन उशिरा तापत होता: शिरोलीतील एका कोअर शॉपमधील व्होल्ट-अँपिअर मोजमापाचे प्रकरण

पार्श्वभूमी

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींमुळे कोल्हापूरला फौंड्रीचे शहर म्हणून ओळख मिळाली आहे. मोठ्या फौंड्रींच्या आजूबाजूला त्यांना लागणारी कामे करून देणारे अनेक छोटे कारखाने येथे उभे राहिले आहेत. हे प्रकरण शिरोलीतील अशाच एका छोट्या कोअर शॉपचे आहे. कारखान्याची आणि तेथील माणसांची ओळख उघड होईल असा तपशील गाळला आहे. तांत्रिक क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

कास्टिंगमध्ये, म्हणजे धातू ओतून केलेल्या वस्तूत, जेथे पोकळी हवी असते तेथे साच्यात वाळूचा कोअर बसवतात. या कारखान्यात ऑइल सँडचे कोअर तयार होत. वाळूत तेल आणि बाइंडर मिसळून कोअर बॉक्समध्ये आकार दिला जाई आणि नंतर तो कोअर साधारण २२० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये भाजला जाई. भाजणे अपुरे राहिले तर तेलाचा अंश आत तसाच राहतो, वितळलेला धातू ओतताना त्याचा वायू होतो आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वायूची छिद्रे, पडतात.

ओव्हन विजेवरचा होता. त्यात २३० व्होल्टचे, प्रत्येकी १ किलोवॅटचे ९ ट्यूब्युलर हीटर होते. लाल, पिवळ्या आणि निळ्या फेजवर प्रत्येकी तीन हीटर पॅरललमध्ये जोडलेले होते, तिन्ही गट स्टारमध्ये, म्हणजे प्रत्येकी एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये, होते आणि न्यूट्रल जोडलेला होता. एकूण क्षमता ९ किलोवॅट. आतली हवा फिरवणाऱ्या ब्लोअरची लाइन वेगळी होती. पुढच्या हिशेबासाठी ही बाब महत्त्वाची आहे, कारण हीटरच्या बाबतीत व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार थेट वॅट देतो, पण मोटरच्या बाबतीत पॉवर फॅक्टर धरल्याशिवाय तो खरी शक्ती देत नाही.

अडचण

पावसाळ्याच्या मध्यावर ग्राहक फौंड्रीकडून कास्टिंगमध्ये ब्लो होल येत असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या आणि कोअर परत येऊ लागले. कोल्हापूरच्या पावसात वाळू ओलसर राहते, त्यामुळे पहिला संशय वाळूवर जाणे स्वाभाविक होते. फोरमननी वाळू जास्त वेळ सुकवून पाहिली आणि तेलाचे प्रमाणही बदलून पाहिले, पण फरक पडला नाही. मग त्यांनी कंट्रोलरची सेटिंग २२० वरून २४० अंशांवर नेली. त्यानेही काही साधले नाही, उलट हीटरजवळच्या कप्प्यातले कोअर करपू लागले आणि मधल्या कप्प्यातले कच्चेच राहिले. कंट्रोलर फक्त ठरलेल्या तापमानाला हीटर बंद करतो. तेथपर्यंत पोहोचण्याचा वेग हीटरच्या शक्तीवर अवलंबून असतो आणि सेटिंग वाढवून तो वेग वाढत नाही.

फोरमननी यानंतर एक काम फार नेमके केले. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी त्यांनी ओव्हन पूर्ण रिकामा ठेवून चालू केला आणि २२० अंश गाठायला लागणारा वेळ मोजला. ओव्हन बसवला तेव्हाच्या वहीत रिकाम्या ओव्हनची नोंद ५५ मिनिटांची होती; आता दीड तास लागला. ओव्हनमध्ये वाळू नव्हती, कोअर नव्हते, तरीही वेळ वाढला होता. त्यामुळे वाळूचा प्रश्न बाजूला पडला आणि शोध ओव्हनवर आला. या टप्प्यावर मला बोलावण्यात आले.

पुढे आलेले पर्याय

मी पोहोचलो तेव्हा तीन उपाय चर्चेत होते आणि प्रत्येकामागे काही ना काही विचार होता.

मालकांचे मत होते की व्होल्टेज कमी पडते, म्हणून स्टॅबिलायझर घ्यावा. पॅनेलवरच्या मीटरवर संध्याकाळी २१४ व्होल्टपर्यंत आकडा उतरताना त्यांनी स्वतः पाहिला होता. हा संशय निराधार म्हणता येणार नाही. ठरावीक रोधाच्या हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे २३० ऐवजी २१४ व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज सुमारे ७ टक्के उतरते, पण शक्ती सुमारे १३ टक्के उतरते.

वायरमननी सुचवले की हीटर जुने झाले आहेत, तर नऊच्या नऊ बदलून टाकावेत. एखाद्या फेजवर बिघाड आहे का, असे विचारल्यावर ते म्हणाले, “तिन्ही फेजला टेस्टर पेटतोय, टेस्ट लॅम्पपण लागतोय. म्हणजे सप्लाय बरोबर आहे की साहेब, हीटरच थकलेत.”

तिसरी सूचना शेजारच्या कारखान्यातून आली होती आणि ती धोक्याची होती. हीटर स्टारऐवजी डेल्टामध्ये, म्हणजे दोन-दोन फेजच्या मध्ये, जोडले तर ओव्हन झटकन तापेल, असे सांगण्यात आले होते. झटकन तापेल हे खरे आहे. परंतु डेल्टामध्ये प्रत्येक हीटरवर फेज-न्यूट्रलचे २२८ ऐवजी फेज-फेजचे सुमारे ३९५ व्होल्ट आले असते. हे व्होल्टेज १.७३ पट आहे, त्याचा वर्ग ३ होतो, म्हणजे १ किलोवॅटच्या हीटरला ३ किलोवॅट सोसावे लागले असते. हीटर तर जळाले असतेच, शिवाय करंटही त्याच हिशेबाने वाढल्याने वायर आणि कॉन्टॅक्टर (हीटरचा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) यांच्यावर त्यांच्या क्षमतेपलीकडचा भार आला असता. हा पर्याय कागदावर हिशेब मांडून जागच्या जागी रद्द करण्यात आला.

पहिल्या दोन पर्यायांबाबत मात्र खरेदीआधी मोजमाप घ्यायचे ठरले. मालकांची पहिली प्रतिक्रिया नाराजीची होती, कारण स्टॅबिलायझरचे कोटेशन हातात होते आणि ग्राहकाला तारीख दिलेली होती. तासाभराचे मोजमाप आणि त्यानंतर निर्णय, एवढ्यावर ते तयार झाले.

मोजमाप कसे घेतले

टेस्टर पेटतो याचा अर्थ त्या बिंदूला फेज पोहोचली आहे, एवढाच होतो. तेथून करंट वाहतो का आणि किती, हे टेस्टर सांगू शकत नाही. टेस्ट लॅम्पची मर्यादाही तशीच आहे. दिव्याला फार थोडा करंट लागतो, त्यामुळे वाटेत एखादा सांधा सैल असला तरी दिवा लागतो. आणि तीन हीटर पॅरललमध्ये असताना त्यांतील दोन तुटले तरी उरलेल्या एकातून सर्किट पूर्ण होत राहते, म्हणून कंटिन्युइटी तपासूनही “फेज चालू” असेच उत्तर मिळते.

म्हणून ओव्हन पूर्ण चालू असताना, प्रत्येक फेजचे व्होल्टेज थेट हीटरच्या टर्मिनलपाशी आणि त्याच फेजचा करंट क्लॅम्प मीटरने (वायरभोवती जबडा अडकवून करंट मोजणाऱ्या मीटरने), असे दोन्ही आकडे एकाच वेळी घ्यायचे ठरवले. एकाच वेळी घेण्याचा आग्रह यासाठी की लाइनचे व्होल्टेज दिवसभर हलत असते. सकाळचे व्होल्ट आणि दुपारचे अँपिअर एकत्र केले तर येणारा भागाकार कशाचाच नसतो. जोडीने घेतले तर व्होल्टेज वर गेले की करंटही त्याच प्रमाणात वर जातो आणि भागाकार, म्हणजे रोध, जवळपास तोच राहतो. हीटरच्या तारेत निक्रोम असते आणि तापल्यावर त्याचा रोध काही टक्क्यांपलीकडे बदलत नाही, त्यामुळे हा आकडा हीटरची प्रकृती भरवशाने सांगतो. जुन्या पिवळ्या बल्बच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. त्याच्या टंगस्टन तारेचा गरम असतानाचा रोध थंड असतानाच्या दहापटीहूनही जास्त असतो.

मोजण्यापूर्वी अपेक्षित आकडे लिहून ठेवले. एका हीटरचा करंट १००० ÷ २३० = ४.३५ अँपिअर; रोध २३० ÷ ४.३५ = सुमारे ५२.९ ओहम. तीन सारखे हीटर पॅरललमध्ये असल्याने एका फेजचा रोध याच्या एक तृतीयांश, म्हणजे १७.६ ओहम. अपेक्षा आधी लिहिली की समोर येणारा आकडा पाहून त्याला सोयीचे स्पष्टीकरण शोधण्याची वृत्ती आवरता येते, असा माझा अनुभव आहे.

हे मोजमाप चालू लाइनवरचे होते, म्हणून ते परवानाधारक वायरमननीच रबरी मॅटवर उभे राहून, हातमोजे घालून केले. क्लॅम्पच्या जबड्यात एका वेळी एकच वायर घेतली. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र घेतले तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडतात आणि मीटर भलताच कमी आकडा दाखवतो.

मिळालेले आकडे असे होते:

लाल फेज: २२८ व्होल्ट, १२.९ अँपिअर. रोध १७.७ ओहम, शक्ती २९४१ वॅट.
पिवळी फेज: २२६ व्होल्ट, ४.३ अँपिअर. रोध ५२.६ ओहम, शक्ती ९७२ वॅट.
निळी फेज: २१७ व्होल्ट, १२.३ अँपिअर. रोध १७.६ ओहम, शक्ती २६६९ वॅट.

आकड्यांचा अर्थ

लाल फेज अपेक्षेप्रमाणे होती. पिवळ्या फेजचा रोध १७.६ ऐवजी ५२.६ ओहम आला, आणि हा आकडा जवळजवळ नेमका एका हीटरचा आहे. तीनपैकी दोन हीटर तुटलेले होते. पॅरलल जोडणीत हीटर तुटला की एकूण रोध वाढतो आणि करंट कमी होतो. बिघाड झाला म्हणजे करंट वाढणारच, असे अनेकांना वाटते. ते शॉर्ट सर्किटच्या बाबतीत खरे आहे, तुटलेल्या हीटरच्या बाबतीत उलट घडते. म्हणूनच एमसीबी पडली नव्हती, कोणताही इशारा मिळाला नव्हता आणि ओव्हन निमूटपणे चालू राहिला होता. न्यूट्रलमध्ये मात्र ८.३ अँपिअर वाहत होते. तिन्ही फेजवर सारखा भार असता तर तेथे जवळपास शून्य मिळायला हवे होते.

खरी विचार करायला लावणारी गोष्ट निळ्या फेजवर होती. तेथे रोध अगदी बरोबर होता, म्हणजे तिन्ही हीटर चांगले होते. करंटही सहज नजरेत भरेल इतका कमी नव्हता. पण हीटरपाशी २१७ व्होल्ट होते आणि पॅनेलच्या इनकमिंगला, म्हणजे लाइन आत येते तेथे, त्याच क्षणी २२७. दहा व्होल्ट वाटेत कोठे तरी खर्च होत होते. लाल फेजवर हीच घट केवळ एका व्होल्टची होती. ओव्हन चालू ठेवूनच मीटरची एक पिन निळ्या फेजच्या कॉन्टॅक्टरच्या इनकमिंग वायरवर आणि दुसरी आउटगोइंग वायरवर धरली. मीटरने ९ व्होल्ट दाखवले. चांगल्या कॉन्टॅक्टरवर हा आकडा मिलीव्होल्टमध्ये असतो.

या ९ व्होल्टचा हिशेब केला की गांभीर्य लक्षात येते. ९ ÷ १२.३ = ०.७३ ओहम, आणि ९ × १२.३ = सुमारे १११ वॅट. साधे सोल्डरिंग आयर्न २५ ते ६० वॅटचे असते. तशी दोन आयर्न बंद पॅनेलमध्ये एका स्क्रूला टेकवून तासन् तास चालू ठेवल्यासारखी ही स्थिती होती. पॅनेल बंद करून उघडल्यावर त्या टर्मिनलजवळचे वायरचे इन्सुलेशन तपकिरी पडून कडक झालेले दिसले. लगचे (वायरच्या टोकावरच्या धातूच्या जोडाचे) क्रिम्पिंग, म्हणजे दाबून केलेली पकड, हाताने हलत होते आणि कॉन्टॅक्टरच्या त्या पोलचे कॉन्टॅक्ट खड्डे पडून काळे झाले होते.

असा दोष ओव्हन बंद ठेवून मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर सापडणे अवघड असते. मीटरच्या लीडचाच रोध काही दशांश ओहम असतो, त्यात ०.७३ ओहमचा वेगळेपणा हरवून जातो. शिवाय कॉन्टॅक्ट थंड असताना वेगळा वागतो आणि करंट वाहून तापल्यावर वेगळा. भार चालू असताना सांध्यावरचे व्होल्टेज मोजणे हाच येथे खात्रीचा मार्ग आहे.

तिन्ही फेज मिळून शक्ती ६५८२ वॅट भरली. ९ किलोवॅटच्या तुलनेत ही घट २७ टक्के आहे. केवळ कमी व्होल्टेजमुळे एवढी घट व्हायची असती तर हीटरवर सुमारे १९७ व्होल्टच असायला हवे होते. लाइनचे व्होल्टेज तितके खाली गेल्याचे कोणीही पाहिले नव्हते. मालकांनी संध्याकाळी पाहिलेले २१४ व्होल्टही याहून बरेच वर होते.

मालकांनी येथे एक रास्त प्रश्न विचारला: शक्ती २७ टक्के कमी झाली, तर वेळ ५५ मिनिटांवरून ९० वर, म्हणजे साठ टक्क्यांहून अधिक कशी वाढली? याचे उत्तर ओव्हनच्या भिंतींमधून आणि दारातून जाणाऱ्या उष्णतेत आहे. दुरुस्तीनंतर पाहिले तेव्हा २२० अंश टिकवून ठेवण्यासाठी हीटर साधारण निम्मा वेळ चालू राहत होते. म्हणजे नुसते तापमान टिकवायलाच सरासरी ४.४ किलोवॅट लागत होते. ९ किलोवॅट असताना २२० अंशांच्या आसपास तापमान चढवण्यासाठी ४.६ किलोवॅट शिल्लक राहत; ६.६ किलोवॅटवर केवळ २.२ राहत होते. शेवटचे काही अंश चढायला म्हणूनच फार वेळ लागत होता. विजेचा खर्चही यामुळे कमी झाला नव्हता. पूर्वी ओव्हन तापायला ५५ मिनिटांत सव्वाआठ युनिट लागत. आता दीड तासात जवळपास दहा युनिट लागत होते.

निर्णय

स्टॅबिलायझरचा पर्याय आकड्यांपुढे टिकला नाही. व्होल्टेज २२६ वरून २४० वर नेले असते तर शक्ती सुमारे १३ टक्के वाढून साडेसात किलोवॅटच्या आत राहिली असती, चांगल्या हीटरवर त्यांच्या क्षमतेपेक्षा ९ टक्के जास्त भार आला असता आणि निळ्या फेजच्या सैल सांध्यावरची उष्णता १११ वरून १२५ वॅटवर गेली असती.

नऊ हीटर बदलण्याच्या पर्यायाबद्दल मला अधिक सविस्तर लिहावेसे वाटते, कारण तो यशस्वी झाला असता. पिवळ्या फेजवर तीन नवे हीटर लागले असते, एकूण शक्ती साडेआठ किलोवॅटपर्यंत पोहोचली असती, ओव्हन तासाभरात तापू लागला असता आणि सर्वांनी प्रश्न सुटला असे मानले असते. निळ्या फेजचा सांधा मात्र तसाच जळत राहिला असता. त्या पॅनेलपासून हाताच्या अंतरावर कोअर तेलाचे डबे ठेवलेले होते. लक्षण गेले म्हणून कारणही गेले असे समजणे येथे आगीला आमंत्रण ठरले असते, आणि तेही सर्वांत खर्चिक उपाय करून.

त्यामुळे दोन हीटर, एक कॉन्टॅक्टर आणि निळ्या फेजच्या वायरचा जळका भाग एवढेच बदलायचे ठरले. एका मुद्द्यावर मतभेद झाला. फोरमनचे म्हणणे होते की पिवळ्या फेजवरचा तिसरा, चालू असलेला हीटरही त्याच वयाचा आहे, तर तोही आताच बदलावा. वायरमन म्हणाले की लाल आणि निळ्या फेजवरचे सहाही त्याच वयाचे आहेत, मग थांबायचे कोठे? शेवटी तो हीटर ठेवला आणि एक जास्तीचा हीटर आणून कपाटात ठेवला.

केलेले काम

मेन बंद करून, त्यावर कुलूप आणि पाटी लावून काम सुरू झाले. तुटलेले दोन्ही हीटर दाराजवळच्या खालच्या ओळीतले होते. त्यांच्या टर्मिनलवर तेलकट काजळी आणि गंज होता. ट्यूब्युलर हीटरच्या आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी दमट हवेत ओल धरते, म्हणून नवे हीटर बसवण्यापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगरने त्यांचा इन्सुलेशन रोध तपासला. एकाचा आकडा कमी वाटल्याने तो दुसऱ्या चालू ओव्हनच्या उबेत सुकवून पुन्हा मोजला आणि मगच बसवला. वायरचा जळका भाग कापून नवा लग योग्य मापाच्या क्रिम्पिंग टूलने दाबला. तेलाचे डबे त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत हलवले.

परिणाम

दुरुस्तीनंतर त्याच पद्धतीने घेतलेल्या आकड्यांत लाल फेजवर २२७ व्होल्ट व १२.९ अँपिअर, तर पिवळ्या आणि निळ्या फेजवर २२६ व्होल्ट व १२.८ अँपिअर मिळाले. तिन्ही रोध १७.६ ते १७.७ ओहमच्या दरम्यान, एकूण शक्ती ८.७ किलोवॅट. न्यूट्रलचा करंट नगण्य झाला. रिकामा ओव्हन ५८ मिनिटांत २२० अंशांवर पोहोचला. लाइन २३० च्या थोडी खाली असल्याने जुन्या नोंदीपेक्षा काही मिनिटे जास्त लागणे अपेक्षितच होते. कंट्रोलर पुन्हा २२० वर आणला आणि कच्च्या कोअरची तक्रार थांबली. पावसाळी वाळू नीट सुकवण्याची फोरमननी सुरू केलेली पद्धत तशीच चालू ठेवली, कारण तिची गरज वेगळी आहे आणि ती खरी आहे.

काय वेगळे करता आले असते

ओव्हन बसवला तेव्हा तापण्याचा वेळ वहीत लिहिला होता, ही मोठीच जमेची बाजू ठरली. त्याच दिवशी तिन्ही फेजचे व्होल्ट आणि अँपिअर लिहिले असते तर वाळू, तेल आणि सेटिंग यांत गेलेले दिवस वाचले असते. आता पॅनेलच्या दाराला आतून एक कार्ड लावले आहे. त्यावर प्रत्येक फेजचे व्होल्ट, अँपिअर आणि त्यांचा भागाकार महिन्यातून एकदा लिहायचा असतो. रोध १७.६ च्या आसपास असेल तर तीनही हीटर चालू, २६.५ च्या आसपास गेला तर एक गेला. ५३ च्या आसपास गेला तर दोन गेले. हे तीन आकडे कार्डावरच छापले आहेत, म्हणजे मोजणाऱ्याला गणित करत बसावे लागत नाही.

कार्डातून निळ्या फेजसारखा दोष मात्र सापडणार नाही, कारण तेथे रोध शेवटपर्यंत बरोबरच येत होता. त्यासाठी पॅनेलच्या इनकमिंगचे आणि हीटरपाशीचे व्होल्टेज यांतील फरक हा चौथा रकाना जोडला आहे. फरक दोन व्होल्टच्या वर गेला की त्या फेजचे सांधे तपासायचे, असे ठरले आहे. प्रत्येक हीटरला स्वतंत्र फ्यूज आणि इंडिकेटर द्यावा अशी माझी सूचना होती. इंडिकेटरला हीटरच्या करंटवर चालणारा सेन्सर लागतो, अन्यथा तोही टेस्टरसारखा फक्त व्होल्टेज पाहून पेटेल. त्या खर्चाचा निर्णय मालकांनी पुढच्या वार्षिक दुरुस्तीवर ठेवला आहे. तोपर्यंत कार्ड भरण्याचे काम वायरमनकडे आहे आणि महिन्याअखेर फोरमन त्यावर सही करतात.